कोळशातला अश्वत्थामा: काळं कुठे, किती आणि कोणतं

प्रश्न असा आला आहे: "अर्ध्या इम्पिरिअल कागदावर चारकोलमध्ये अश्वत्थामा काढलाय. मागे पूर्ण काळं, कपाळावर जखम, वाढलेली दाढी, पिंजारलेले केस. चित्र काळं झालंय, पण अंधारं वाटत नाही. चेहरा मातकट राखाडी दिसतो. घरचे म्हणतात, हा कुठलाही साधू वाटतो. काय चुकलं?" सोबत फोटो आहे.

फोटो मोठा करून नीट पाहिला. हात चांगला आहे. गालफडं आणि नाकाची बांधणी पक्की आहे, त्यामुळे रेखाटनाबद्दल मी काही बोलत नाही. दोन गोष्टी फसल्या आहेत. एक कोळशाची आहे आणि ती दुरुस्त होईल. दुसरी कोळशाला हात लावायच्या आधीची आहे, म्हणून आधी तीच घेतो.

कपाळावर जखम काढली की अश्वत्थामा झाला, असं आपल्याला वाटतं, कारण लहानपणापासून आपण तोच ऐकलेला असतो. नर्मदा परिक्रमा करून आलेला प्रत्येक दुसरा माणूस सांगतो की शूलपाणीच्या झाडीत एक उंचापुरा माणूस भेटला, कपाळाला फडकं होतं, जखमेसाठी तेल मागत होता. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला सातपुड्यात अस्तंभा डोंगर आहे, तिथे दिवाळीत आदिवासी बांधवांची मोठी यात्रा भरते, आणि तो डोंगर अश्वत्थाम्याचाच मानतात. ही परंपरा जिवंत आहे आणि मला ती फार आवडते. पण चित्रासाठी तिची एक अडचण आहे. हा अश्वत्थामा भोगणारा आहे. त्याला पाहून कणव येते. तुम्हाला हवाय अंधार, आणि कागदावर काढलाय आजारी म्हातारा. घरच्यांना साधू दिसला यात त्यांची चूक नाही.

जखमेबद्दल मूळात काय आहे तेही पाहून घ्या, चित्रकाराला उपयोगी आहे. महाभारतात अश्वत्थामा मणी देऊन टाकतो. भागवतात अर्जुन तलवारीने त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतो, आणि तिथे शब्द आहे 'सहमूर्धजम्', म्हणजे केसांसकट. तुम्ही कपाळाच्या मधोमध गोल भोक पाडलंय, बंदुकीची गोळी लागल्यासारखं. जखम काढायचीच असेल तर केसांच्या रेषेपाशी काढा, केस उपटून गेलेला वेडावाकडा पट्टा. त्या एका तपशिलाने निदान चेहरा ओळखीचा होईल.

माझा सल्ला मात्र असा की जखम काढूच नका. एक रात्र मागे जा.

सौप्तिकपर्व लहानसं आहे, अठरा अध्यायांचं. पहिला अध्याय शांतपणे वाचा, भाषांतर चालेल. दुर्योधन मांडी मोडून पडलाय. कौरवांकडचे तिघंच उरलेत: कृप, कृतवर्मा आणि अश्वत्थामा. ते रानात एका प्रचंड वडाखाली थांबतात. दोघं जमिनीवर झोपी जातात. अश्वत्थाम्याला झोप येत नाही, तो सापासारखे फूत्कार टाकत बसलाय. वडाच्या फांद्यांवर हजारो कावळे निर्धास्त झोपलेत. आणि एक मोठं घुबड येतं, पिंगट, लांब चोच आणि नख्यांचं. ते आधी हलका आवाज करतं, लपतछपत फांदीवर उतरतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारत सुटतं. कुणाचे पंख, कुणाची मुंडकी, कुणाचे पाय. झाडाखालची जमीन त्या तुकड्यांनी भरून जाते. अश्वत्थामा हे सगळं पाहतो आणि त्याला कळतं की आता काय करायचं.

झोपलेल्या छावणीवरचा हल्ला, धृष्टद्युम्नाला शस्त्राने नव्हे तर लाथाबुक्क्यांनी मारणं, द्रौपदीची पाच मुलं, दाराशी लावलेल्या आगी, हे सगळं त्यानंतरचं. ज्या क्षणी त्याने अजून काहीही केलेलं नाही, फक्त वर पाहिलंय, तो क्षण कोळशाचा आहे. काळ्या रात्री, काळ्या झाडावर, काळे पक्षी. दुसऱ्या कुठल्या माध्यमात हे काढायला जाल तर रंग शोधत बसाल. इथे रंगच नको.

साहित्यातलं पात्र काढताना प्रसंग हुबेहूब उतरवायचा नसतो, हेही सांगून ठेवतो. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ हिने 1893 साली बर्लिनमध्ये विणकरांच्या उठावावरचं हाउप्टमान या नाटककाराचं नाटक पाहिलं आणि पुढची चार वर्षं सहा चित्रांच्या मालिकेवर घालवली. त्यात नाटकातले प्रवेश शोधायला गेलात तर फारसे सापडत नाहीत. सापडतं ते अंधाऱ्या खोलीतलं मरणाला टेकलेलं मूल. फ्रान्सचा ओदिलाँ रेदाँ तर 1870 नंतरची जवळजवळ वीस वर्षं कोळसा आणि शिळाछापातच राहिला. त्याच्या त्या काळातल्या चित्रांना 'नॉआर', म्हणजे 'काळी', असंच नाव पडलंय. 1881 सालचा त्याचा रडणारा कोळी बघा: माणसाचं तोंड असलेला कोळी, साध्या कोळशात. त्यात काळं किती कमी आहे हे मोजा. मी मोजलं होतं तेव्हा चकित झालो होतो.

आता कोळसा.

तुमच्या फोटोत डाव्या गालावर आणि दाढीत चकाकी दिसते. म्हणजे खाली पेन्सिलने रेखाटन केलंय, बहुधा 6बी किंवा 8बीने, आणि चांगलं दाबून. ग्राफाइट गुळगुळीत असतं, त्यावर कोळसा धरत नाही, घसरतो. म्हणून तुम्ही आणखी दाबून घासलंत, कागदाचे दाणे भरून गेले, आणि चेहरा मातकट झाला. मातकटपणाचं हे एकमेव कारण नाही, पण पहिलं आहे. पुढच्या वेळी रेखाटनही मऊ कोळशाच्या कांडीनेच करा. चुकलं तर कापडाने झटकून टाका, निम्मं निघून जातं.

कांड्या दोन जातीच्या लागतात. एक मऊ, विलो किंवा वाइन चारकोल म्हणून मिळते ती: नुसती जाळलेली काडी, त्यात कसलाही डिंक नाही. ती कागदावर फक्त टेकलेली असते, फुंकरीनेही उडते, बोटाने पुसली जाते, आणि कितीही थर दिले तरी गडद राखाडीच्या पलीकडे फारशी जात नाही. दुसरी कॉम्प्रेस्ड: कोळशाची पूड बंधक घालून दाबलेली. ती खरी काळी. पण कागदात शिरली की पूर्ण निघत नाही. तुम्ही अख्खी पार्श्वभूमी कॉम्प्रेस्डने भरलीत. तीही एका दमात, एकाच दिशेने हात फिरवून. त्यामुळे मागे रात्र नाही, काळा रंग दिलेली भिंत झाली आणि चेहरा तिच्यावर चिकटवल्यासारखा दिसतोय.

(नाशिककडच्या वाचकांसाठी एक आगाऊ माहिती. वाइन चारकोल म्हणजे द्राक्षाच्या वेलीच्या काड्यांचा कोळसा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेबाहेर काड्यांचे ढीग पडलेले असतात, कुणीही आनंदाने देतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या वाळवा, साल काढा, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबा चुलीत किंवा शेकोटीत ठेवा. भोकातून आधी धूर येतो. तो पूर्ण थांबला की डबा बाहेर काढा आणि हात लावता येईल इतका गार होईपर्यंत उघडू नका. गरम असताना उघडलात तर आत हवा जाऊन सगळ्या काड्या पेटतात. माझा पहिला डबा असाच राख झाला होता. काही काड्या कच्च्या राहतात, तपकिरी ओरखडे देतात, त्या परत डब्यात टाकायच्या.)

रात्र झाल्यावर एखाद्या जुन्या वडाखाली दहा मिनिटं उभे राहा. गावात असेल तर फारच छान, शहरात असाल तर पाराजवळचा दिवा टाळून उभे राहा. काळा रंग दिसत नाही. दिसेनाशा होतात त्या कडा. खोड कुठे संपलं आणि पारंबी कुठे सुरू झाली ते कळत नाही, जवळच्या माणसाचा खांदा कळतो पण दंड कळत नाही. चित्रात अंधार आणायचा तो असा. तुमच्या चित्रात चेहऱ्याची कड कानापासून हनुवटीपर्यंत एकसारखी स्वच्छ आहे. तिच्या किमान तीन ठिकाणी कड हरवू द्या: एक कान, एक खांदा, दाढीचं टोक. पाहणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो, आणि पुरी करताना थोडा घाबरतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी काळ्याची नावं मराठीतच पाडायला लावतो. आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलंय. काळोख असतो मिट्ट. केस आणि डोळे असतात काळेभोर. भांड्याचं बूड, जळकं लाकूड, ओली माती असते काळपट. तीन शब्द, तीन वेगळे काळे, आणि कोळशात ते तीन वेगळ्या तऱ्हेने येतात. मिट्ट म्हणजे झाडामागची रात्र: मऊ कांडी आडवी धरून हलक्या हाताने चार-पाच थर, प्रत्येक थर वेगळ्या दिशेने, मधे जुन्या सुती कापडाच्या बोळ्याने हलकेच थोपटत. घासायचं नाही, थोपटायचं. यात कागदाचा पांढरेपणा अगदी थोडा श्वास घेत राहतो आणि म्हणून खोली येते. काळपट म्हणजे खोड, जमीन, झोपलेले दोघं: कांडीचे ओरखडे तसेच ठेवा, पुसू नका. काळंभोर म्हणजे कॉम्प्रेस्ड, आणि ते फक्त पुढच्या दोन-तीन कावळ्यांना, डोळ्यांच्या खोबणीला आणि झोपलेल्यांच्या अंगाखालच्या सावलीला. अर्ध्या इम्पिरिअलवर, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंचात, काळंभोर सगळं मिळून तुमच्या तळहाताएवढं झालं की थांबा. हा अंदाज आहे, नियम नव्हे, पण याच्या दुप्पट झालं की चित्र दबून जातं हे मी स्वतःच्या कागदांवर पुष्कळदा पाहिलंय.

उजेड कुठून आणायचा हा प्रश्न तुम्ही टाळलाय. तुमच्या चेहऱ्यावर समोरून ट्यूबलाइट पडल्यासारखा सपाट उजेड आहे, कारण संदर्भासाठी घेतलेला फोटो तसा असणार. या प्रसंगात चंद्र घालायची गरज नाही. वर्णनात ग्रह-ताऱ्यांनी भरलेलं आकाश आहे, पण वडाच्या खाली त्याचा उजेड तो किती येणार? मी यावर बरेच दिवस अडलो होतो. मग लक्षात आलं की त्या रात्री मणी अजून त्याच्याकडेच आहे. जन्मापासून मस्तकावर असलेला, ज्याच्यामुळे शस्त्राची, रोगाची, भुकेची भीती नाही असा मणी. तो प्रकाशतो असं मी मानून चाललो. हे माझं स्वातंत्र्य, ग्रंथाच्या माथी मारू नका. पण चित्रात त्याने सगळा गुंता सुटतो. उजेड त्याच्याच कपाळातून येतो आणि जिथे पडायला हवा तिथे नेमका पडत नाही.

हे आरशात करून पाहा. खोलीत अंधार करा, मोबाइलच्या दिव्यावर कागदाच्या दोन घड्या धरून तो मंद करा आणि केसांच्या रेषेपाशी खाली तोंड करून धरा. भुवयांची हाडं उजळतात, नाकाचा शेंडा आणि गालफडाची वरची कड उजळते, खालच्या ओठावर एक बारीक रेघ येते. डोळे मात्र पूर्ण खोबणीत जातात. ज्या माणसाला त्या रात्री सगळ्यात जास्त दिसलं, त्याचे डोळे आपल्याला दिसत नाहीत. आता त्याची मान किंचित वर करा, घुबडाकडे. एका डोळ्याच्या खालच्या पापणीच्या ओलसर कडेवर उजेडाचा एक ठिपका येईल. एकच. दुसऱ्या डोळ्यात काढायचा मोह होईल, काढू नका.

हा ठिपका पांढऱ्या खडूने द्यायचा नाही. पांढरा खडू कोळशात मिसळला की निळसर, शाळेच्या फळ्यासारखा राखाडी होतो, तुमच्या कपाळावर तो झालाच आहे. मातकटपणाचं दुसरं कारण ते. कोळशाच्या कामात उजेड म्हणजे कागद. तो एकतर राखायचा किंवा परत काढायचा. परत काढायला निडेड रबर घ्या, दुकानात पुट्टी रबर म्हणतात ते. मळून टोक काढायचं, कागदावर टेकवायचं, उचलायचं, टोक आत दुमडून नवं टोक काढायचं. घासलंत की संपलं. जुने लोक यासाठी पावाचा मऊ गाभा वापरत, मीही वापरलाय, काम होतं, फक्त नंतर कागदावरचा चुरा नीट झटका, नाहीतर मुंग्या येतात.

क्रम असा ठेवा. अख्खा कागद मऊ कांडीच्या पुडीने मध्यम राखाडी करून घ्या, कापडाने सारखा करा. पांढरा कागद समोर असला की माणूस घाबरून भराभर काळं भरतो, राखाडीवर ती घाई होत नाही. मग रबराने मणी, भुवई, गालफड, नाक एवढंच उचला. पारंब्याही उचलूनच काढा, उभ्या, अर्धवट, काही मधेच विरणाऱ्या. त्यानंतर मऊ कोळशाने रात्र गडद करत न्या. इथे एक दिवस थांबा. खरंच थांबा, कागद भिंतीकडे तोंड करून ठेवा. दुसऱ्या दिवशी दाराशी उभं राहून पाहिलंत की कॉम्प्रेस्ड कुठे हवं ते आपसूक कळतं, आणि ते नेहमी वाटलं होतं त्यापेक्षा कमी ठिकाणी असतं.

घुबडाबद्दल दोन शब्द, कारण सगळे तिथे वाया जातात. डोळे वटारलेलं, पंख पसरलेलं, कॅलेंडरातलं घुबड काढू नका. ते लपतछपत आलंय. घुबडाच्या पिसांची कड मऊ झालरीसारखी असते, म्हणून त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. चित्रातही त्याला कड देऊ नका. बोटाने एकदा पुसलेला, आजूबाजूपेक्षा किंचित उजळ आकार पुरे. (बोट कोरडं हवं. घामट बोटाचा तेलकट डाग कोळशाखालून कायम डोकावतो.) पाहणाऱ्याला घुबड तिसऱ्या-चौथ्या नजरेत दिसलं पाहिजे, म्हणजे आधी त्याला प्रश्न पडेल की हा माणूस बघतोय कुठे. कावळे मात्र नीट अभ्यासून काढा. झोपलेला कावळा मान खांद्यात घेऊन गोळा होऊन बसतो, त्याची चोच टोकदार दिसत नाही. संध्याकाळी कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या झाडावर मॉडेल फुकट आहेत. आणि खाली मातीत दोन-चार पिसं पडू द्या. मुंडकी नकोत.

कागद: साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा कागद, या कामाला अपुरा पडतो, तीन थरांत त्याचे दाणे भरतात. कॅन्सन कंपनीचा मि-तांत कागद घ्याल तर त्याची जाळीदार बाजू टाळा, अंधारात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते. उलटी बाजू बारीक दाण्याची आहे ती वापरा. हातकागद चालतो, पण आधी कोपऱ्यावर रबर चालवून पाहा, काहींचे धागे उठतात.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा: तुम्ही चित्र पूर्ण झाल्यावर एकदाच भरपूर मारलंय असं दिसतं. त्याने सगळ्या छटा एक पायरी गडद होतात आणि मधले नाजूक राखाडी बुडतात. हातभर लांबून, उघड्या जागी, अगदी हलका फवारा, सुकू द्या, मग दुसरा. शेवटचे उजेड फिक्सेटिव्हनंतर पुन्हा उचलता येत नाहीत हे लक्षात ठेवून थोडे जास्तच उजळ ठेवा. केसांचा स्प्रे वापरू नका, काही वर्षांत पिवळा पडतो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. एका जुलैत, दमट हवेत, मी एका मोठ्या कागदावर फवारा मारला आणि अख्खं आकाश डागाळून बुरशी आल्यासारखं झालं. ते चित्र मी अजून ठेवलंय, मुलांना दाखवायला. फ्रेम करताना काच लावा, अ‍ॅक्रिलिक नको. अ‍ॅक्रिलिकच्या स्थिर विजेने कोळशाचे कण ओढले जाऊन आतून चिकटतात. आणि काच व कागद यांच्यात माउंटची जाड चौकट असू द्या, काच कोळशाला टेकता कामा नये.

आधीचं चित्र फाडू नका. त्यातली पार्श्वभूमी कापडाने आणि रबराने जेवढी उठेल तेवढी उठवा, कॉम्प्रेस्ड पूर्ण जाणार नाही, हरकत नाही. जे धुरकट उरेल त्यात नुसत्या पारंब्या आणि कावळ्यांचा सराव करा, माणूस नको. नवीन कागद त्यानंतर घ्या. आणि फोटो पाठवाल तेव्हा दिवसा, खिडकीजवळ, बाजूच्या उजेडात काढा आणि मोबाइलवर उजेडाचा आकडा एक पायरी खाली ओढा. नाहीतर मोबाइल काळं पाहिलं की घाबरून सगळं राखाडी करतो, आणि मी तुमच्या चित्राऐवजी कॅमेऱ्याच्या चुका काढत बसेन.